कोणते दार ठोठवावे?

विक्रोळीचा नवा पूल सुरू झाला, त्या पावसाळ्यात माझे मेहुणे गावाहून आमच्याकडे आले. वय साठीच्या पुढे. लहानपणी शाळेची पायरी चढले नाहीत. अलीकडे गावात साक्षरतेचा वर्ग निघाला, त्यात बसले आणि वाचायला शिकले. नवे वाचायला शिकलेला माणूस कसा असतो, ते तुम्हांला मी सांगायला नको. दिसेल ती पाटी वाचायची! एक सोडायची नाही!

मी त्यांना पूल दाखवायला घेऊन निघालो. वाटेत ते एकेक पाटी मोठ्याने वाचू लागले. "मध्य रेल्वे." "बृहन्मुंबई महानगरपालिका." "लोहमार्ग पोलीस." "भारतीय डाक." शेवटी थांबले आणि म्हणाले,

"दाजी, एक सांगा. सरकार एकच न्हवं? मग पाट्या इतक्या कशापायी?"

प्रश्न साधा होता. पण मी तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. एकाही मुलाने मला तो विचारला नव्हता. त्या दिवशी पुलाच्या कठड्याशी उभे राहून त्यांना जे सांगितले, तेच आज तुम्हांला सांगतो.

एक पूल, दोन मालक

विक्रोळी हे मुंबईचे एक उपनगर. त्याच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. रुळांच्या पूर्वेला कन्नमवारनगर, टागोरनगर अशा मोठ्या वसाहती आहेत. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि पार्कसाइटची वस्ती. दोन्ही बाजूंच्या मध्ये पूर्वी रेल्वेचे फाटक होते. मुंबईत लोकल गाड्या एकीमागून एक येतात. मग फाटक उघडावे तरी कधी? गाडीवाल्याला घाटकोपरकडून नाही तर कांजूरमार्गाकडून लांबचा वळसा पडे. पायी जाणारा माणूस घाईत रूळ ओलांडी. असे रूळ ओलांडताना मुंबईत आजवर किती घरांतली कर्ती माणसे गेली आहेत!

पूल हवा, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. मग घोडे अडले कुठे?

रूळ रेल्वेचे. रेल्वे म्हणजे दिल्लीचे केंद्र सरकार. पुलाकडे जाणारा रस्ता महानगरपालिकेचा. महानगरपालिका चालते राज्याच्या कायद्याने. रुळांवरचा तुकडा रेल्वेने बांधायचा आणि दोन्ही बाजूंचे उतार पालिकेने बांधायचे. एकाचे काम झाले आणि दुसऱ्याचे राहिले, तर पूल हवेत लोंबकळणार!

या पुलाचे काम २०१८ साली हाती घेतले. १४ जून २०२५ रोजी त्यावरून गाड्या धावू लागल्या. म्हणजे सात वर्षे लागली. पूल ६१५ मीटर लांब आहे. त्यातला रुळांवरचा तुकडा जेमतेम ५० मीटरचा. खर्च शंभर कोटी रुपयांच्या वर गेला.

"म्हंजे या पुलाला दोन बाप," मेहुणे म्हणाले.

"बाप नव्हे, भाऊ म्हणा," मी म्हणालो. "आणि भाऊ म्हटले की वाटणी आली."

भावांची वाटणी

वाटणी कशी होते, ते गावात राहणाऱ्याला चांगले ठाऊक असते. वरचे वावर थोरल्याला. खालचे वावर धाकट्याला. विहीर मात्र दोघांत सामाईक. कागदावर सगळे लिहितात, म्हणजे उद्या तंटा नको.

आपल्या देशाची राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आली. तिचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. या घटनेत सरकारच्या कामांची अशीच वाटणी लिहून ठेवली आहे. तिच्या तीन याद्या आहेत.

पहिली यादी केंद्राची. देशाचे सैन्य, परदेशांशी व्यवहार, रेल्वे, टपाल, नोटा आणि नाणी, बँका, अणुशक्ती ही कामे तिच्यात आहेत. ही कामे सबंध देशाची. ती प्रत्येक राज्याने वेगवेगळी केली तर चालणार नाही. सोलापूरची नोट बिदरला चालली नाही, तर बाजार कसा करायचा?

दुसरी यादी राज्याची. पोलीस, शेती, जमीन, पाणी, दवाखाने, गावांचा आणि शहरांचा कारभार ही कामे तिच्यात. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि माणदेशात माणूस ढगाकडे बघत बसतो. दोन्हीकडची शेती दिल्लीत बसून एका मापाने कशी मोजणार? म्हणून ही कामे राज्याकडे.

तिसरी यादी सामाईक. हीच आपली विहीर. वीज, लग्न आणि काडीमोड यांचे कायदे, कामगारांचे प्रश्न, सरकारने जमीन ताब्यात घेणे हे विषय त्यात येतात. यांवर केंद्रही कायदा करू शकते आणि राज्यही. दोन कायद्यांत विरोध आला, तर सामान्यपणे केंद्राचा कायदा चालतो. राज्याला आपल्यापुरता वेगळा कायदा ठेवायचा असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते.

घटना अंमलात आली तेव्हा केंद्राच्या यादीत ९७, राज्याच्या यादीत ६६ आणि सामाईक यादीत ४७ विषय होते. पुढे त्यात थोडे बदल झाले. शिक्षण आणि वने हे विषय पूर्वी राज्याचे होते. १९७६ सालच्या घटनादुरुस्तीने ते सामाईक झाले. आणि जे कोणत्याच यादीत नाही, ते केंद्राचे.

मेहुण्यांनी मला इथे पकडले. "रेल्वे दिल्लीची म्हणता. मग ते लोहमार्ग पोलीस? ते बी दिल्लीचे?"

शाबास! मुळात घटनेच्या यादीतच लिहिले आहे की पोलीस राज्याचे, आणि त्यात रेल्वेचे व गावचे पोलीसही आले. म्हणून फलाटावर तुमचा खिसा कापला, तर गुन्हा नोंदवायचा लोहमार्ग पोलिसांकडे. ते महाराष्ट्र सरकारचे. रेल्वेचे आणखी एक दल आहे, रेल्वे सुरक्षा दल. ते केंद्राचे. रेल्वेचा माल आणि उतारू सुरक्षित ठेवणे हे त्याचे काम. फलाट एकच, पण दोन वर्दीवाले, दोन मालकांचे.

थोरल्याच्या हातात जास्त

एक गोष्ट मात्र लपवता येणार नाही. ही वाटणी अगदी बरोबरीची नाही. थोरल्या भावाचे पारडे जड आहे. राज्याची हद्द बदलण्याचा अधिकारसुद्धा संसदेला आहे. आपले महाराष्ट्र राज्यच पाहा ना. १९५६ साली मराठी आणि गुजराती मुलूख मिळून एक द्विभाषिक मुंबई राज्य केले. मराठी माणसाला ते पटले नाही. संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला. शंभरावर माणसांनी प्राण दिले. शेवटी १९६० साली संसदेनेच कायदा केला आणि १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले. कायदा दिल्लीत झाला खरा, पण तो करायला लावला इथल्या माणसांनी. कागदावरची सत्ता आणि लोकांचा रेटा, दोन्ही ध्यानात ठेवावीत.

तिसरे घर आपल्या दाराशी

केंद्र झाले, राज्य झाले. पण नळाला पाणी नाही, गटार तुंबले, दिवा लागत नाही, तर दिल्लीला जायचे का? नाही. त्यासाठी तिसरे घर आहे. खेड्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका. पूर्वी त्यांच्या निवडणुका घेणे राज्याच्या मर्जीवर असे. १९९२ साली घटनेत ७३वी आणि ७४वी दुरुस्ती झाली. १९९३ पासून ती लागू आहे. तेव्हापासून दर पाच वर्षांनी या संस्थांची निवडणूक घ्यावी, असे घटनेतच लिहिले आहे.

पण लिहिले म्हणजे झाले, असे समजू नका. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. ज्याच्या दारात जाऊन रागाने चार शब्द बोलावेत, असा आपला माणूसच नव्हता. कायद्याचे शब्द आपोआप चालत नाहीत. त्यांना रोज कोणीतरी ढकलावे लागते.

बांधावरचे भांडण

"वाटणी झाली म्हणून भांडणं थांबतात व्हय?" मेहुणे हसून म्हणाले. "आमच्याकडं बांधावरनं डोकी फुटत्यात."

इथेही बांधावरून भांडणे होतात. विक्रोळीच्या शेजारीच कांजूरमार्ग आहे. तिथे मिठागरांची जमीन आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने त्यातली १०२ एकर जागा मेट्रो रेल्वेच्या कारशेडसाठी द्यायचे ठरवले. कारशेड म्हणजे मेट्रोच्या गाड्या ठेवण्याची आणि दुरुस्त करण्याची जागा. केंद्र सरकार म्हणाले, "ही जमीन आमची. आमच्या मीठ खात्याची." राज्य म्हणाले, "जमीन आमची." आता गंमत बघा. यादीत मीठ हा विषय केंद्राचा आणि जमीन हा विषय राज्याचा! मग मिठागराची जमीन कुणाची?

भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १६ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने त्या जागेवरचे काम थांबवले. पुढे २०२२ साली राज्यातले सरकार बदलले आणि त्या मेट्रोची कारशेड आरेला करायचे ठरले.

कोण बरोबर, कोण चूक, ते मी सांगत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, देशाचे सरकार आणि राज्याचे सरकार न्यायाधीशासमोर उभे राहिले आणि "थांबा" म्हटल्यावर थांबले. डोके कुणाचे फुटले नाही. बांधावरच्या भांडणाला पंच लागतो. आपल्या घटनेत तो पंच म्हणजे न्यायालय.

घरातल्या माणसांचे काय?

आता खरी गोष्ट ऐका. भावाभावांत वाटणी झाली. पण घरातल्या माणसांचे काय? धाकट्या सुनेला कुणी उपाशी ठेवले, तर "ती माझ्या वाटणीत आली आहे" असे म्हणता येईल का?

घटना म्हणते, नाही. कोणतेही काम कोणत्याही सरकारच्या वाट्याला येवो, माणसाचे काही हक्क कुणालाच मोडता येत नाहीत. केंद्राला नाही, राज्याला नाही, ग्रामपंचायतीलाही नाही. त्यांना मूलभूत हक्क म्हणतात. घटनेच्या पुस्तकात हे हक्क तिसऱ्या भागात आहेत आणि वाटणीच्या याद्या अगदी शेवटी, सातव्या परिशिष्टात. आधी माणूस, मग वाटणी.

कोणते हक्क? कायद्यापुढे सर्व सारखे. जात, धर्म, लिंग यांवरून सरकारने भेद करायचा नाही. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा. बोलण्याचा, सभा भरवण्याचा, देशात कुठेही राहण्याचा हक्क. आपला धर्म पाळण्याचा हक्क. वेठबिगारीला बंदी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना फुकट शिक्षण. आणि सर्वांत मोठा म्हणजे जगण्याचा हक्क. यांतला एखादा मोडला, तर थेट उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात जाता येते. सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या या हक्काला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले होते.

याचा उपयोग होतो का? दोन गोष्टी सांगतो. एक गरिबांची, एक श्रीमंतांची.

१९८१ साली भर पावसाळ्यात मुंबईतल्या पदपथांवरची झोपडी काढून माणसांना बाहेर धाडायचे ठरले. काही जण न्यायालयात गेले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालय म्हणाले की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. म्हणून कायदेशीर रीत पाळल्यावाचून कुणाला हलवायचे नाही. पदपथावर कायम राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही. जिंकले ते अर्धेच. पण त्या अर्ध्यावर पुढे देशभर कितीतरी गरिबांची प्रकरणे उभी राहिली.

दुसरी गोष्ट आमच्या विक्रोळीची. इथे गोदरेज कंपनीची पुष्कळ जमीन आहे. मुंबई ते अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बोगद्यासाठी त्यातली सुमारे दहा एकर जमीन सरकारला हवी होती. रेल्वे केंद्राची. जमीन ताब्यात घेणारे अधिकारी राज्याचे. जमीन घेण्याचा कायदा संसदेने २०१३ साली केलेला, आणि महाराष्ट्राने २०१८ साली त्यात आपल्यापुरता बदल केलेला. तीच आपली सामाईक विहीर! राज्याने २६४ कोटी रुपये भरपाई ठरवली. कंपनी न्यायालयात गेली. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिचा अर्ज फेटाळला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हात घालायला नकार दिला.

मालमत्ता हा पूर्वी मूलभूत हक्क होता. १९७८ सालच्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला. पण कायद्याच्या आधारावाचून कुणाची जमीन घेता येत नाही, हे आजही घटनेत आहे. तुमच्या गावात रस्त्यासाठी, धरणासाठी जमीन मागायला कुणी आले, तर हे ध्यानात असू द्या. कोणत्या कायद्याने घेता, नोटीस कुठे आहे, मोबदला किती, हे विचारण्याचा अधिकार दोन गुंठेवाल्यालाही आहे.

माझी फजिती

एवढे सगळे सांगतो आहे, म्हणून मला मोठा शहाणा समजू नका. काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीमागचे गटार तुंबले. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि एका कचेरीत दिला. तीन महिन्यांनी उत्तर आले, "हा विषय आमचा नाही." दुसऱ्या कचेरीत गेलो. तिथला कारकून म्हणाला, "गुरुजी, ती भिंत कुणाच्या हद्दीत आहे, ते आधी शोधून आणा." तोवर पावसाळा आला. शेजारच्या आक्कांच्या घरात रात्री पाणी शिरले. वर्षाचे तांदूळ भिजले. आक्का मला म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही शिकलेले, तरी असं. आमचं काय व्हायचं?"

तो प्रश्न मला अजून टोचतो. कामांची वाटणी असावी, हे खरे. सगळी सत्ता एकाच हातात गेली, तर दाद मागायला दुसरे दारच राहत नाही. पण त्याच वाटणीआड दडून "आमचे नाही, त्यांचे" म्हणता येते, हेही खरे.

यावर एक उपाय आहे. २००५ साली संसदेने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. दहा रुपये फी भरून कोणत्याही सरकारी कचेरीला विचारता येते, "माझ्या अर्जाचे काय झाले? हे काम कुणाच्या हद्दीत येते?" दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फीही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आणि मुख्य गोष्ट ही, की तुमचे दार चुकले, तर त्या कचेरीनेच तुमचा अर्ज पाच दिवसांच्या आत योग्य कचेरीकडे पाठवायचा असतो आणि तसे तुम्हांला कळवायचे असते. दार चुकले म्हणून माणसाला हाकलून देता येत नाही. हे मला आधी माहीत असते, तर आक्कांचे तांदूळ वाचते.

मात्र अर्ज दिला की पोच घ्यायची. शिक्का, सही आणि तारीख. पोच नाही, तर अर्ज दिलाच नाही असे समजा.

मेहुण्यांचे पत्र

मेहुणे गावी परतले. महिन्याने त्यांचे पत्र आले. स्वतःच्या हाताने लिहिलेले. अक्षरे वाकडीतिकडी, पण एकही शब्द दुसऱ्याचा नव्हता. लिहिले होते,

"दाजी, आमच्या वस्तीवर नळाचं पाणी येत नाही. आधी आम्ही आमदारसाहेबांकडं जात होतो. ह्या वेळी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक म्हणाले, ठेवून जा. मी म्हणालो, पोच द्या. ते माझ्याकडं बघत राहिले. मग दिली. पाणी अजून आलं नाही. पण पोच पेटीत ठेवली आहे."

आता हे सांगा

१. तुमच्या गावातल्या पाट्या वाचा. त्यांतली कोणती केंद्राची, कोणती राज्याची, कोणती पंचायतीची?
२. टपाल वेळेवर येत नाही. रस्त्यावरचा दिवा लागत नाही. चोरी झाली. प्रत्येक वेळी कोणते दार ठोठवाल?
३. तीन याद्यांपैकी "सामाईक विहीर" कोणती?
४. कोणतेच सरकार मोडू शकत नाही, असे तीन हक्क सांगा.
५. अर्ज दिल्यावर काय घ्यायला विसरू नये?